घर, सोने आणि उधारीची वही

आमच्याकडे नवरा-बायको वेगळे झाले की लोक दोनच गोष्टी विचारतात : लेकरू कोणाकडे राहिले आणि पोटगी किती ठरली. घर कोणाला गेले, हेही कधी कधी विचारतात. परंतु कर्ज कोणाच्या वाट्याला आले, असे मला आजवर एकाही नातेवाइकाने विचारलेले नाही. माझ्या स्वतःच्या फारकतीत तोच प्रश्न सर्वांत अवघड होता आणि तो सोडवताना जे कळले ते सविस्तर लिहून ठेवावे, असे बरेच दिवस मनात होते.

मी बीड जिल्ह्यातील केज तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. माझ्या मुलीच्या वडिलांचे कृषी सेवा केंद्र आहे, म्हणजे बियाणे, खते आणि फवारणीची औषधे यांचे दुकान. आमचे घर अंबाजोगाईत. २०२२ पासून आम्ही वेगळे राहत होतो आणि २०२४ च्या अखेरीस परस्पर संमतीने आमचा विवाह संपुष्टात आला. तो का संपला, हा या लेखाचा विषय नाही. पंधरा वर्षांच्या संसारात जे जमले आणि जे देणे झाले, त्याची वाटणी आम्ही कशी केली, एवढेच येथे लिहिते.

वकीलबाईंकडे पहिल्यांदा गेले तेव्हा माझी समजूत अशी होती की कायदा सगळे निम्मे निम्मे करून देतो. तसे नाही. गोव्यात जुन्या पोर्तुगीज नागरी कायद्यामुळे, वेगळा करार केलेला नसेल तर, पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते आणि विवाह संपला की तिचे दोन समान भाग होतात. महाराष्ट्रात अशी तरतूद नाही. येथे ज्याच्या नावावर कागद, त्याची मालमत्ता. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ मधील कलम २७ लग्नाच्या वेळी किंवा त्या सुमारास मिळालेल्या आणि दोघांच्या सामाईक असलेल्या वस्तूंविषयी बोलते. नंतरच्या संसारात उभ्या राहिलेल्या घरादाराचे काय, याचे थेट उत्तर त्यात मिळत नाही. कलम २५ खाली कायम पोटगी मिळू शकते, पण पोटगी ही गरज आणि ऐपत पाहून ठरते, ती मालमत्तेतील वाटा नव्हे. पतीच्या स्थावर मालमत्तेत पत्नीचा विचार व्हावा, अशी तरतूद असलेले दुरुस्ती विधेयक राज्यसभेने ऑगस्ट २०१३ मध्ये मंजूर केले होते, परंतु पुढे ते लोकसभेत मंजूर न होताच बारगळले. त्याचा अर्थ असा की न्याय्य वाटणी करायची असेल तर ती बहुतांशी दोघांना आपापसांत, डोके शांत ठेवून करावी लागते आणि मग न्यायालयाच्या शिक्क्याखाली आणावी लागते. (मी येथे हिंदू कायद्यापुरते लिहीत आहे. मुस्लिम भगिनींसाठी १९८६ चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्यात मेहेर तसेच लग्नाच्या वेळी मिळालेल्या वस्तू परत मिळण्याची तरतूद आहे.)

आमची पहिली बैठक माझ्या मामांच्या घरी झाली आणि ती पूर्णपणे फसली, कारण दोन्हीकडची जाणती माणसे मालमत्ता आणि देणी यांची यादी होण्याआधीच आकडा बोलू लागली. कोणी म्हणाले, ‘पाच लाख देऊन टाका अन् मोकळे व्हा.’ पाच लाख कशाचे, हे कोणालाच सांगता येईना. मुद्रांक पेपरवर फारकत लिहून नोटरी करून घेण्याचा सल्लाही त्याच बैठकीत मिळाला. आपल्या भागात असे कागद अजून सर्रास होतात. पण ज्या समाजात रूढीने काडीमोड मान्य असल्याचे सिद्ध होते तो अपवाद सोडला, तर न्यायालयाच्या हुकूमनाम्याशिवाय विवाह संपत नाही आणि अशा कागदाच्या आधारे घरही नावावर होत नाही.

वकीलबाईंनी मग वेगळीच वाट धरली. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात असे ठरवून दिले की पोटगीच्या वादात दोन्ही पक्षांनी आपली मालमत्ता आणि आपली देणी यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे. त्या निकालाला जोडलेला एक नमुना खास शेतीवर जगणाऱ्यांसाठी आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटली. जमीन किती, कोरडवाहू की ओलिताची, गेल्या तीन वर्षांचे उत्पन्न किती, बटाईने केलेली जमीन आहे का, गाई-म्हशी-शेळ्या किती, जमिनीवर कर्ज आहे का, असे प्रश्न त्यात आहेत. पगारपत्रक आणि प्राप्तिकराचे विवरण हीच उत्पन्नाची भाषा धरली, तर मराठवाड्यातले अर्धे संसार कागदावर कधी येणारच नाहीत. आमच्यात पोटगीचा वाद नव्हता, तरीही बाईंनी दोघांकडून तो नमुना भरून घेतला. त्याला तीन आठवडे लागले, आणि त्या तीन आठवड्यांत आमची भांडणे आधीच्या दोन वर्षांपेक्षा कमी झाली.

घरापासून सुरुवात केली, कारण घर माझेच आहे याविषयी मला तिळमात्र शंका नव्हती. अंबाजोगाईतील ते घर आम्ही २०१३ मध्ये घेतले. कागद दोघांच्या नावावर, सोळा लाखांचे गृहकर्जही दोघांच्या नावावर, पण अकरा वर्षे प्रत्येक हप्ता माझ्या पगाराच्या खात्यातून गेला होता. बँकेचा उतारा मी पिशवीतून काढून टेबलावर ठेवला. वकीलबाईंनी तो पाहिला आणि मला विचारले, ‘मॅडम, या अकरा वर्षांत किराणा कोण भरत होतं? मुलीची फी कुणी भरली? ज्वारी-तूर कुठून येत होती?’

किराणा दुकानाच्या गल्ल्यातून येत होता. फी मुलीचे वडील भरत. ज्वारी, तूर आणि हरभरा सासऱ्यांच्या शेतातून येई. माझा पगार हप्त्यासाठी मोकळा राहिला तो त्यामुळेच, हे मला त्या खुर्चीवर बसून पहिल्यांदा कळले. हप्त्याची नोंद बँकेत राहते आणि ज्वारीच्या पोत्याची नोंद कोठेही राहत नाही, म्हणून पोते खोटे ठरत नाही. हाच न्याय मी उलट बाजूने लावला, तर दुकान त्यांच्या परवान्यावर असले तरी ते एकट्याचे उरत नव्हते. माझ्या ठरलेल्या पगाराच्या भरवशावरच त्यांनी पडत्या हंगामातही दुकान उघडे ठेवले होते. घर निम्मे त्यांचे आणि दुकान निम्मे माझे, असे आम्ही दोघांनी मान्य केले, तेव्हा खरी वाटणी सुरू झाली. ज्या भगिनी नोकरी करत नाहीत त्यांच्या बाबतीत तर मी हे अधिक आग्रहाने म्हणेन. घर सांभाळणाऱ्या बाईचे श्रम बँकेच्या उताऱ्यावर कधीच दिसत नाहीत आणि वाटणीच्या बैठकीत ते कोणीतरी मोठ्याने बोलून दाखवावे लागतात.

सोन्याचे प्रकरण जुने होते. लग्नात माझ्या अंगावर अकरा तोळे सोने होते, काही माहेरचे, काही सासरचे. दोन्हीकडून मिळालेले सोने स्त्रीधन असते, आणि स्त्रीधन ही केवळ त्या स्त्रीची मालमत्ता असून पतीकडे ते फक्त सांभाळायला दिलेले असते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच प्रतिभा राणी प्रकरणात स्पष्ट केले आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात आमच्याच तालुक्यातले धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले होते आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले होते, हे या भागातील प्रत्येकाला आठवत असेल. त्या वर्षी सासऱ्यांच्या शेतात दोन बोअर घेतले. पहिले साडेपाचशे फुटांवर कोरडे निघाले. दुसऱ्याला चार महिने बोटभर पाणी लागले. त्यासाठी माझे गंठण आणि एक हार, मिळून पाच तोळे, एका पतसंस्थेत तारण ठेवले. ते सोडवता आले नाहीत आणि पुढच्या वर्षी त्यांचा लिलाव झाला.

यादीत ही नोंद आली तेव्हा मुलीचे वडील म्हणाले, ‘तेव्हाच्या भावानं दीड लाख धर. सोनं तर गेलं की, आता कुठून आणू?’ मी रागावले नाही, कारण त्यांचे म्हणणे वरवर पाहता बरोबर वाटते. परंतु मी दीड लाख रुपये दिले नव्हते, पाच तोळे दिले होते. ते कपाटात राहिले असते तर आज पाच तोळेच असते. २०१६ मध्ये तीस हजारांच्या आसपास असलेला तोळा २०२४ च्या मे महिन्यात बहात्तर हजारांवर होता. सोन्याची परतफेड वजनाने व्हावी, हे तत्त्व त्यांच्या वडिलांनी सर्वांच्या आधी मान्य केले. ‘पोरीचं सोनं आपल्या रानात गेलं,’ एवढेच ते बोलले आणि उठून बाहेर गेले. तीन लाख साठ हजार माझ्या बाजूला लिहिले गेले.

त्या रानाबद्दल मात्र मला काही मागता येत नव्हते. सहा एकर जमीन सासऱ्यांच्या नावावर, वडिलोपार्जित. सुनेचा तिच्यावर हक्क नाही. आपल्याकडे बाप-लेकांत वाटणी झाली तर बापाच्या पत्नीला मुलाइतका हिस्सा मिळतो, पण ती वाटणी पत्नीला स्वतः मागता येत नाही, आणि विवाह संपला की तोही विषय संपतो. माझ्या मुलीचे तसे नाही. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाप्रमाणेच जन्माने हक्क आहे. महाराष्ट्राने तो १९९४ मध्ये दिला आणि २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो सर्व देशात आला. आई-वडिलांच्या फारकतीने तो कमी होत नाही. त्यामुळे तडजोडनाम्यात मुलीच्या वतीने आम्ही काहीही सोडून दिलेले नाही, हे वाक्य मी मुद्दाम लिहून घेतले. तुमच्यापुढे कोणी ‘मुलीचाही काही संबंध राहणार नाही’ असे वाक्य ठेवले, तर त्यावर सही करू नका.

दुकानाचा हिशेब हा सगळ्यांत किचकट भाग होता. गोदामातील माल सहा लाखांचा होता, हे मोजता आले. उधारीच्या वहीत अकरा लाख येणे दिसत होते. पेरणीला बियाणे-खत न्यायचे आणि सोयाबीन किंवा तूर विकल्यावर पैसे द्यायचे, या रीतीवर आमच्याकडचे प्रत्येक कृषी केंद्र चालते, आणि ज्या वर्षी सोयाबीनला भाव नसतो त्या वर्षी वही जाड होत जाते. आम्ही दोघे दोन रविवार ती वही घेऊन बसलो. प्रत्येक नावापुढे ते सांगत, हा देईल, हा पुढच्या हंगामात देईल, हा गाव सोडून पुण्याला गेला. त्यांतल्या कितीतरी जणांना मी शाळेतील मुलांचे पालक म्हणून ओळखत होते. शेवटी सात लाख वसूल होण्याजोगे आणि चार लाख बुडीत, असे ठरले. बुडीत धरलेल्या रकमेतून पुढे जे काही येईल ते निम्मे निम्मे, असेही लिहिले. वितरकाचे देणे पाच लाख होते.

शिवाय एक कर्ज असे होते जे दुकानाचे होते, पण दुकानाच्या कागदांत कोठेही नव्हते. शिक्षकांच्या पतसंस्थेतून मी माल भरण्यासाठी कर्ज काढले होते. चार लाख साठ हजार बाकी होती, दरमहा माझ्या पगारातून कपात होत होती, आणि शाळेतील दोन सहकारी मला जामीन होते. कायद्याच्या नजरेत ते माझे वैयक्तिक कर्ज होते. प्रत्येक कर्जापुढे आम्ही एकच प्रश्न लिहिला : हा पैसा कशात गेला? नाव कोणाचे आहे, हा प्रश्न सावकाराचा असतो. पैसा कशात गेला, हा प्रश्न संसाराचा असतो. पैसा दुकानात गेला होता, दुकान त्यांच्याकडे राहणार होते, म्हणून ते कर्ज दुकानाच्या देण्यात धरले. मुलीच्या आजारपणात माझ्या भावाने हातउसने दिलेले दोन लाख दोघांचे धरले, कोणताही कागद नसताना, कारण ते आले होते हे आम्हा दोघांना माहीत होते. लग्नाआधीचे त्यांचे एक मोटारसायकलचे देणे किंवा वेगळे झाल्यानंतर मी घेतलेला मोबाइल ज्याचा त्याच्याकडे राहिला. भांडी, कपाट, दिवाण यांवर आम्ही दहा मिनिटेही घालवली नाहीत.

आकडे मांडले ते असे. घराची किंमत एकोणचाळीस लाख, बाकी कर्ज अकरा लाख, उरले अठ्ठावीस. घर मी ठेवणार, म्हणून मी त्यांना चौदा लाख देणे. दुकानातील माल आणि येणे मिळून तेरा लाख, त्यातून वितरकाचे पाच आणि पतसंस्थेचे चार लाख साठ हजार वजा केले की तीन लाख चाळीस हजार. त्यातील माझे निम्मे एक लाख सत्तर हजार. पतसंस्थेचे हप्ते माझ्याच पगारातून कापले जाणार, म्हणून ते चार लाख साठ हजार त्यांनी मला देणे. सोन्याचे तीन लाख साठ हजार. भावाचे पैसे मी फेडणार, म्हणून त्यांचा एक लाख. एकूण दहा लाख नव्वद हजार. चौदा लाखांतून ते वजा जाता मी त्यांना तीन लाख दहा हजार रुपये द्यायचे होते.

बायकोने नवऱ्याला पैसे द्यायचे, हे ऐकून माझ्या माहेरी दोन दिवस कोणी माझ्याशी नीट बोलले नाही. मला स्वतःला ती रक्कम योग्य वाटली आणि आजही वाटते. मुलीचा दरमहाचा खर्च आणि शिक्षणाचा निम्मा भार या हिशेबात मिसळला नव्हता. तो वेगळा लिहिला. मुलाबाळांचा निर्वाह हा त्यांचा हक्क आहे, आईने वाटणीत सूट म्हणून सोडून देण्याची ती वस्तू नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख मुख्यतः लिहिला तिच्याकडे येते. बँक तुमच्या तडजोडनाम्याला बांधील नसते. ‘यापुढे गृहकर्ज पत्नी फेडील’ असे न्यायालयासमोर लिहिले, तरी कर्जाच्या कागदावर दोघांची नावे असतील तर हप्ता थकल्यावर बँक दोघांनाही धरते, आणि थकबाकीचा डाग दोघांच्याही पतनोंदीवर पडतो. जामीनदाराचेही तसेच : भारतीय करार अधिनियमाच्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे ठरलेले नसेल तर, त्याची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. माझ्या ओळखीच्या एका बाईंना फारकतीनंतर चार वर्षांनी ट्रॅक्टरच्या कर्जाची नोटीस आली, कारण सहकर्जदार म्हणून केलेली सही कोणी काढून घेतली नव्हती. म्हणून आम्ही आधी बँकेत गेलो. माझा एकटीचा पगार पाहून बँकेने कर्ज माझ्या एकटीच्या नावावर करून दिले, त्यांचे नाव कमी झाल्याचे पत्र हातात आले आणि मगच आम्ही दुसऱ्या तारखेला न्यायालयासमोर उभे राहिलो. परस्पर संमतीच्या अर्जात पहिल्या आणि दुसऱ्या तारखेमध्ये थांबावे लागणारे सहा महिने काहींना जाच वाटतात, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतर न्यायालय ते माफही करू शकते. आम्हाला मात्र ते याच कामासाठी पुरले.

घराचा त्यांचा निम्मा हिस्सा नोंदणीकृत दस्ताने माझ्याकडे आला. पती-पत्नीमधील राहत्या घराच्या बक्षीसपत्राला महाराष्ट्रात दोनशे रुपये मुद्रांक शुल्क आहे, म्हणून बक्षीसपत्रच करा, असा सल्ला आम्हाला दोघातिघांनी दिला. परंतु बक्षीस म्हणजे मोबदल्याशिवाय दिलेली वस्तू. जेथे हिशेब होऊन पैसे दिले-घेतले जातात तेथे त्याला बक्षीस म्हणणे खोटे ठरले असते, आणि खोट्या पायावरचा दस्त पुढे मुलीच्या गळ्यात पडला असता. शुल्क भरले. तडजोडनाम्यात प्रत्येक खात्याचा क्रमांक, रक्कम आणि तारीख लिहिली, आणि एकाने फेडायचे कर्ज दुसऱ्याला भरावे लागले तर ते दरखास्त लावून, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज करून, वसूल करता येईल, हे कलमही घातले.

माझ्या वर्गातील एका मुलाची आई या सगळ्या काळात माझ्या मनात सतत होती. आमच्या भागात दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम उचल देतो ती त्या जोडीला. तिचे लग्न मोडले तेव्हा उचल अर्धीही फिटली नव्हती. पैसे नवऱ्याने घेतले होते आणि नणंदेच्या लग्नात गेले होते, तरी मुकादम तिच्या वडिलांच्या दारात येऊन बसू लागला. तिच्याकडे वाटायला घर नव्हते, सोने नव्हते. वाटणीत तिला फक्त देणे आले होते. तिच्यासोबत मी तालुका विधी सेवा समितीत गेले. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, हे तिला ठाऊक नव्हते, आणि खरे सांगायचे तर तोपर्यंत मलाही नव्हते. तिच्या अर्जात वकिलांनी उचलीची रक्कम, ती कोणी घेतली आणि कशात खर्च झाली, हे पहिल्याच पानावर लिहिले.

हुकूमनामा मिळाल्यावर मी सेवापुस्तकातील आणि विम्यातील नामनिर्देशन बदलून मुलीचे नाव लावले आणि नगर परिषदेत घराची नोंद करून घेतली. पतसंस्थेची कपात अजून दीड वर्ष चालेल. उधारीची वही मी त्यांना परत दिली, तिच्या बुडीत नावांची एक प्रत माझ्याकडे ठेवून. त्यानंतरच्या फेब्रुवारीत, तूर विकून झाल्यावर, त्या यादीतील एका शेतकऱ्याने दुकानात अठरा हजार रुपये आणून दिले. त्याच संध्याकाळी माझ्या खात्यात नऊ हजार जमा झाले आणि सोबत त्या शेतकऱ्याचे नाव आले. मी माझ्या प्रतीत त्या नावापुढे खूण केली.